अकाली गेलेल्या सुनेचे माहेर कसे शोधावे?

संपादक महोदय,

वंशावळ काढायची म्हटली की घरातले कुणीतरी कागदावर उभी रेघ मारते आणि खापरपणजोबांपासून खाली पुरुषांची नावे लिहीत येते. त्या रेघेच्या कडेला ‘प्रथम पत्नी, लवकर वारली’ एवढ्याच शब्दांत आटोपलेली एक बाई बहुतेक घरांत असते. नाव धड कुणाला आठवत नाही, मग माहेरचे आडनाव तर दूरच. तिची नातवंडे-पतवंडे आजोळचा शोध घ्यायला निघतात आणि पहिलीच चूक करतात: तिचा स्वतःचा कागद शोधू लागतात. विशी-बाविशीत गेलेल्या बाईचा स्वतःचा कागद सहसा नसतोच. जमीन तिच्या नावावर नसते. मतदार यादीत ती नसते, कारण १९८९ पर्यंत मतदानाचे वय २१ होते. शाळेत गेली असेल तर माहेरच्या नावाने, आणि ते नावच तर हरवलेले असते. तिचा माग लागतो तो दुसऱ्यांच्या कागदांत. बापाच्या वारस नोंदीत, थोरल्या मुलाच्या शाळेच्या रजिस्टरात, नवऱ्याने तीर्थक्षेत्री लिहून दिलेल्या लेखात. महाराष्ट्रातल्या कागदपत्रांपुरती ही वाट कशी धरावी, ते या पत्रात मांडतो.

सुरुवात थोरल्या अपत्यापासून करावी. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपल्याकडे रीत. त्यामुळे थोरल्या मुलाचे किंवा मुलीचे जन्मस्थळ वडिलांच्या गावाहून वेगळे निघाले, तर ते गाव बहुतेक वेळा त्या बाईचे माहेर असते. हे जन्मस्थळ तीन ठिकाणी मिळते. पहिले, प्राथमिक शाळेचे जनरल रजिस्टर, म्हणजे प्रवेश-निर्गम नोंदवही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर विसंबू नये, मूळ रजिस्टरची ओळ पाहावी. दाखला नंतर केव्हातरी लिहिला जातो आणि त्यात जन्मस्थळाच्या रकान्यात सर्रास राहते गाव पडते. दुसरे, जन्मपत्रिका. पत्रिकेतले लग्न, म्हणजे जन्मवेळी उगवत असलेली रास, काढायला जन्माचे ठिकाण लागते, म्हणून जोशीबुवा ते विचारून घेत. तिसरे, जन्माची सरकारी नोंद. रजिस्टरातली जन्मतारीख १ जून असेल तर ती गुरुजींनी वयाच्या अंदाजाने घातलेली समजावी आणि जन्मनोंद शोधताना आजूबाजूची दोन-तीन वर्षे धरावीत.

पहिले बाळंतपण माहेरी, याचा दुसराही अर्थ आहे आणि तो नेमका विसरला जातो. बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या तापात गेलेल्या बाईची मृत्यूची नोंदही माहेरच्याच गावी असते. जन्म-मृत्यूची नोंद घटना जिथे घडली तिथे होते, माणूस राहायचा तिथे नाही. सासरच्या गावची वही उलथीपालथी करून ‘नोंद आढळत नाही’ असा शेरा घेऊन परतणारे अनेक जण इथेच अडकतात. तालुक्याच्या दवाखान्यात गेली असेल तर नोंद तिथल्या नगरपालिकेकडे असते, दोन्ही गावांत नाही.

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा. महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्यानंतरच्या नोंदी ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांच्या निबंधकाकडे मिळतात. त्याआधीच्या नोंदी महसुली दप्तरात, गाव नमुना १४ मध्ये. विदर्भात आणि इतरत्रही लोक त्याला ‘कोतवाल बुक’ म्हणतात. या जुन्या वह्या बहुधा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. नकलेच्या अर्जात एकच वर्ष लिहू नये. कारकून लिहिलेले वर्ष तेवढेच पाहतो आणि दाखला देतो. अंदाजाच्या अलीकडची दोन आणि पलीकडची दोन अशी पाच वर्षे मागावीत. गावाचे त्या काळचे नाव, तालुका आणि जिल्हा लिहावा. जालना आणि सिंधुदुर्ग १९८१ मध्ये, लातूर आणि गडचिरोली १९८२ मध्ये, नंदुरबार आणि वाशीम १९९८ मध्ये, हिंगोली आणि गोंदिया १९९९ मध्ये, पालघर २०१४ मध्ये वेगळे झाले. आज गाव लातूर जिल्ह्यात असले तरी जुना कागद उस्मानाबादच्या नावाखाली बांधलेला असू शकतो.

जुन्या वहीतली ओळ फार तुटक असते. जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव बहुधा नसतेच, बापाचे नाव, जात आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच. मृत्यूच्या नोंदीत ‘गंगू भ्र. सखाराम, वय २०, ताप’ अशा धाटणीची ओळ सापडते. ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार. त्याच अर्थाने ‘कोम’ येते, मराठवाड्याच्या कागदांत ‘जौजे’. ‘बिन’ किंवा ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा. हे चार-पाच शब्द डोळ्यांत बसले की पान झरझर चाळता येते. वयावर मात्र फार भिस्त ठेवू नये. वीस, पंचवीस, तीस असे गोल आकडे अंदाजानेच घातलेले असतात. मृत्यूचे कारणही ठरावीक सात-आठ मथळ्यांखाली कोंबलेले: पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, इजा, इतर. बाळंतपणात गेलेली बाई ‘ताप’ किंवा ‘इतर’ यातच दिसते. म्हणून कारणापेक्षा आसपासच्या ओळी वाचाव्यात. त्याच आठवड्यात त्याच घरचा जन्म किंवा तान्ह्या बाळाचा मृत्यू लिहिलेला असेल तर ते कारणाच्या रकान्यापेक्षा बोलके असते. १९७० नंतरच्या नोंदीचा उतारा कुणालाही मागता येतो, पण मृत्यूचे कारण त्यात देत नाहीत, कायद्यातच तशी तरतूद आहे. निबंधक काहीतरी दडवतो आहे असा संशय घेऊन भांडण्यात अर्थ नाही.

आता नावाचा घोळ. लग्नात मुलीचे नाव बदलत. माहेरची गंगू सासरी लक्ष्मी होते. शाळेच्या वहीत गंगू, सासरच्या कागदात लक्ष्मी, आणि माहेरच्या वारस नोंदीत पुन्हा गंगूच, फक्त पुढे नवऱ्याचे नाव. शोध घेताना दोन्ही नावे हाताशी हवीत, नाहीतर एकाच बाईच्या दोन बायका होतात किंवा सापडलेली ओळ ‘आपली नव्हे’ म्हणून सोडून दिली जाते. माहेरचे नाव घरात कुणाला ठाऊक नसेल तर माळ्यावरची भांडी खाली काढावीत. लग्नातल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नाव घालून देण्याची पद्धत होती. हंड्याच्या गळ्याखाली किंवा ताटाच्या कडेला ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले असते: देणाऱ्याचे नाव, कधी गाव, कधी तारीख. अक्षर काळवंडले असेल तर चिंच लावून हलक्या हाताने घासावे आणि दिवा बाजूने तिरपा धरून वाचावे. समोरून उजेड टाकला की ठिपके दिसेनासे होतात. मोडीत भांडी गेलेल्या घरांत हा पुरावा संपलेला असतो. तिथे मुलांच्या लग्नातल्या आहेराच्या वह्या पाहाव्यात. ‘मुलाचे मामा’ म्हणून जो आहेर लिहिलेला असतो, त्याच्यापुढे गाव असते.

मात्र इथेच सगळ्यांत मोठा खड्डा आहे. तरुण बायको गेली की नवरा बहुधा वर्षा-दोन वर्षांत दुसरे लग्न करी. सावत्र आईने वाढवलेली मुले तिच्या भावालाच मामा म्हणत, तिच्याच माहेराला आजोळ. लग्नात मागे उभा राहिलेला मामा हा सावत्र मामा असू शकतो. दोन-तीन पिढ्यांत पहिलीचे माहेर पुसले जाते आणि दुसरीचे माहेर तिच्या नावावर चढते. छापील कुलवृत्तांतांतही ही गल्लत आढळते, कारण माहिती घरच्यांनी सांगितली तशीच छापलेली असते. तपासायला सोपी कसोटी एकच: थोरल्या मुलाची जन्मतारीख आणि दुसऱ्या लग्नाची तारीख शेजारी लिहावी. मूल आधीचे असेल तर आहेराच्या वहीतला तो मामा पुराव्यातून बाद, जोवर दुसरा कागद त्याला दुजोरा देत नाही तोवर. याला अपवादही आहे. मेलेल्या बायकोची धाकटी बहीणच त्या घरात देत असत. तसे असेल तर दोघींचे माहेर एकच आणि शोध निम्म्यावर येतो. पण हे गृहीत धरू नये, विचारून घ्यावे.

गाव कळले की जमिनीचे कागद धरावेत. आमच्या मते सर्वांत भरवशाचा कागद म्हणजे त्या बाईच्या वडिलांच्या मृत्यूनंतरची वारस नोंद. हिंदू उत्तराधिकार कायदा जून १९५६ पासून लागू झाला आणि आधी मयत झालेल्या मुलीची मुलेही पहिल्या वर्गाचे वारस ठरली. म्हणजे बाई १९३५ मध्ये गेली आणि तिचे वडील १९५८ मध्ये वारले, तर तेवीस वर्षांनी तिचे नाव पुन्हा कागदावर येऊ शकते: ‘मयत मुलगी गंगू भ्र. सखाराम, तिचा मुलगा अमुक, रा. अमुक’. एका ओळीत माहेरचे नाव, नवऱ्याचे नाव, मुलाचे नाव आणि दोन्ही गावे. एवढे सगळे सांगणारा दुसरा कागद क्वचितच मिळतो. कोणती वर्षे चाळायची याचा हिशेब सोपा आहे. मुलगी विशीत गेली तेव्हा बाप चाळिशीच्या आसपास असतो. त्यापुढची पंधरा ते पस्तीस वर्षे पाहावीत.

ही नोंद गाव नमुना ६-क, म्हणजे वारस नोंदवहीत आणि त्यावरून झालेल्या फेरफारात, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदीत, नमुना ६ मध्ये असते. आजच्या सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाजवळ फेरफार क्रमांक असतात. त्यातला सर्वांत जुना काढायचा, त्यात आधीचा सापडतो, तो काढायचा, असे मागे मागे जायचे. एकत्रीकरणात सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले आहेत, त्यामुळे तिथे साखळी तुटल्यासारखी वाटते. जुन्या-नव्या नंबरांचा तक्ता तलाठी किंवा भूमी अभिलेख कार्यालयाकडून घेतला की ती पुन्हा जुळते. बऱ्याच जिल्ह्यांत जुने फेरफार स्कॅन होऊन ऑनलाइन पाहायला मिळतात. पान पुसट असले तर मूळ वहीच मागावी.

वारस नोंदीत मुलीचे नाव नसणे म्हणजे मुलगी नव्हती असे नव्हे. भाऊ तिची नावनिशाणीच सांगत नसत. अशा वेळी सातबाऱ्याचे ‘इतर अधिकार’ पाहावेत, बहिणींची नावे अनेकदा तिथे लोटलेली असतात. हक्कसोड पत्र झाले असेल तर दुय्यम निबंधकाकडच्या सूची क्र. २ मध्ये ते जमिनीच्या नंबरावरून सापडते. ही सूची फी भरून कुणालाही पाहता येते. हक्कसोड पत्रात भाचे-भाच्या सही किंवा अंगठा करतात आणि त्यांच्या आईचे नाव ‘मयत’ म्हणून लिहावेच लागते. सासरकडच्या सातबाऱ्यावर ‘अ. पा. क.’ ही अक्षरे शोधावीत. अज्ञान पालनकर्ता. लहान मुलाच्या नावापुढे पालनकर्ता म्हणून बापाऐवजी मामा किंवा आईची आई आली असेल तर तिथे सरळ माहेर हाती लागते. बाई निपुत्रिक गेली असेल तर मात्र बापाच्या वारस नोंदीत ती येणार नाही. तिच्यासाठी मृत्यूची नोंद, शाळेचे रजिस्टर आणि धार्मिक वह्या एवढ्याच वाटा उरतात.

१९५६ पूर्वीच्या वारस नोंदीत मुलीकडचा नातू दिसला तर थोडे थांबून विचार करावा. बहुधा बापाच्या मागे मुलगा किंवा मुलाकडचा नातू उरला नव्हता, म्हणून तो तिथे आला आहे; पण बापाच्या भावांची शाखा पुढे चालू असू शकते. म्हणून शोध तिथेच थांबवू नये.

धार्मिक बाजू वेगळी आणि काही घरांत कागदांपेक्षा पक्की. नवरा हयात असताना गेलेल्या बाईचे श्राद्ध भाद्रपद वद्य नवमीला, अविधवा नवमीला करतात. घरात नाव विसरले तरी ‘नवमीला सवाष्ण घालतो’ हे माहीत असते आणि त्यावरून अशी बाई होऊन गेली एवढे पक्के होते. पण नवमी ही तिच्या मृत्यूची तिथी समजून त्या दिवसाची नोंद शोधणारे फसतात. मृत्यूची तिथी वेगळी, ती वार्षिक श्राद्धाची. काही घरांत देव्हाऱ्यात सवाष्णीचा टाक असतो. टाकावर नाव नसते, त्यामुळे त्याचा उपयोग बाई होती एवढे कळण्यापुरताच.

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या गाव आणि आडनावाप्रमाणे लावलेल्या असतात. यजमानाने स्वतःच्या हाताने लिहिलेला लेख त्यात असतो. रामकुंडावर अस्थी घेऊन नवरा गेला असेल तर त्याचा लेख मृत्यूनंतर महिन्या-वर्षातला सापडतो. त्याहून उपयोगी लेख तिच्या मुलाचा, पुढे केव्हातरी तीर्थश्राद्धाला गेलेला. श्राद्धात मातामह, प्रमातामह, वृद्धप्रमातामह, म्हणजे आईचे वडील, आजोबा आणि पणजोबा यांचा उच्चार होतो. मुलाने ती नावे सांगितली आणि उपाध्यायांनी टिपून ठेवली असतील तर माहेरच्या तीन पिढ्या एका पानावर मिळतात. उपाध्यायांकडे जाताना आजचे राहते गाव सांगू नये, मूळ गाव सांगावे. शंभर वर्षांपूर्वी पुण्या-मुंबईला आलेली घराणी त्या वह्यांत मूळ गावाखालीच आहेत. गोत्र विचारले तर सासरचे सांगावे, लग्नानंतर तेच लागते.

तारखा जुळवताना थोडे गणित. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. मार्गशीर्ष-पौषात १ जानेवारी उलटून गेल्यावर शक संपेपर्यंत ७९. फसली सनात ५९०. काशी, गया, प्रयागच्या पंड्यांकडे विक्रम संवत असतो, त्यातून ५७ वजा करावेत. तिकडचे महिने पौर्णिमान्त असल्याने वद्य पक्षाचे महिन्याचे नाव एकाने पुढचे येते. आपला भाद्रपद वद्य तो तिकडचा आश्विन कृष्ण. हे न कळल्याने एक महिन्याचा फरक पडतो आणि ‘दोन वेगळ्या बायका’ तयार होतात. शके १८४० च्या आश्विन वद्यातला मृत्यू म्हणजे १९१८ चा ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबरचा आरंभ, इन्फ्लुएन्झाची साथ शिगेला पोहोचलेले आठवडे. त्या पानांवर तरुण बायकांची रांग लागलेली असते. एका गावात एकाच नावाच्या दोघीही सापडतात, तिथे घाई करू नये.

मोडी वाचता येत नाही म्हणून अनेक जण थांबतात. सगळी मोडी शिकायची गरज नसते. आकडे, ‘बिन’, ‘कोम’ आणि शोधत असलेले आडनाव मोडीत कसे दिसते, एवढे कागदावर लिहून घ्यावे आणि चित्र ओळखावे तसे पान पाहावे. शब्दांमध्ये जागा नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, हे लक्षात ठेवावे. सापडलेली ओळ दोन जाणकारांकडून वेगवेगळी वाचून घ्यावी. दुसऱ्याला पहिल्याचे वाचन आधी सांगितले तर तोही तेच वाचतो. मराठवाड्यात १९४८ पूर्वीचे बरेच सरकारी कागद उर्दूत, तिथे वाचणारा वेगळा लागतो.

जुळणी पक्की कधी मानावी? नाव, नवऱ्याचे नाव, गाव, वडिलांचे नाव यांतल्या किमान तीन गोष्टी दोन स्वतंत्र कागदांत जुळल्या पाहिजेत. एकाच शाळेच्या रजिस्टरावरून निघालेला दाखला आणि त्या दाखल्यावरून केलेले प्रतिज्ञापत्र हे दोन कागद नव्हेत, एकच आहे. सध्या डीएनए चाचणीचेही अनेकांना आकर्षण वाटते. मायटोकॉन्ड्रियल डीएनए आईकडून मुलांना मिळतो, पण पुढे फक्त मुलीच तो देतात. त्या बाईला मुलगेच असतील तर नातवंडांत तो नसतो. तिच्या बहिणीची मुलीकडून मुलीकडे गेलेली संतती मिळाली तर तुलना होते, पण ती मिळाली म्हणजे माहेर आधीच सापडलेले असते!

शेवटी शासनाकडे एक मागणी. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ पासून गाव नमुना १४, जनरल रजिस्टर, खासरा पत्रके असे कितीतरी जुने दप्तर बाहेर काढले गेले. जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर मुख्यतः उपयोगाची ठरलेली पानेच दिसतात. वही एकदा बांधणीतून काढून यंत्राखाली ठेवल्यावर ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत स्कॅन व्हावी, मृत्यूच्या नोंदींची पाने वगळू नयेत. आणि सूची करताना ती फक्त पुरुषाच्या आडनावावरून न करता ‘भ्र.’ आणि ‘कोम’च्या आधी येणारे बाईचे नावही वेगळ्या रकान्यात घ्यावे. आज सूचीत ‘सखाराम’ शोधला की सखाराम सापडतो, गंगू सापडत नाही.

– जुन्या नोंदी वाचण्याचे काम करणारे काही वाचक